नाडी लागत होती

आपल्याच व्यवसायबंधूविरुद्ध साक्ष द्यायला कुणी डॉक्टर खुशीनं जात नाही. तरी त्या दिवशी जिल्हा ग्राहक आयोगात तज्ज्ञ म्हणून माझी उलटतपासणी होती.

तक्रारदार विशीतला मुलगा. बाईकवरून पडला, नडगीचं हाड मोडलं. संध्याकाळी प्लास्टर घातलं आणि तो रात्रभर कण्हत राहिला. नर्सच्या नोंदींत तीनदा तेच: 'खूप दुखते म्हणतो, इंजेक्शन दिले.' सकाळी प्लास्टर कापलं तोवर स्नायू मेले होते. पाय वाचला, पण पंजा लोंबतो.

हॉस्पिटलच्या वकिलांची सगळी भिस्त एका नोंदीवर. "रात्री १ वाजता नाडी लागत होती. म्हणजे रक्तपुरवठा चालू होता, बरोबर?"

"नाडीचं बरोबर. पुढचं नाही."

गुडघ्याखालचे स्नायू घट्ट आवरणात असतात. आत सूज चढली की आधी बारीक केशवाहिन्या दबतात. धमनीतला दाब त्याहून बराच जास्त, म्हणून घोट्यापाशी नाडी लागत राहते आणि वर स्नायू मरत असतो. हाच कंपार्टमेंट सिंड्रोम. त्याची खरी खूण म्हणजे इंजेक्शनला न जुमानणारी वेदना, आणि पायाचं बोट हलकेच ताणलं तरी पेशंट ओरडतो. त्या रात्री कुणी बोट ताणून पाहिल्याची नोंद नव्हती. आणि साधारण ६ तासांनी गेलेला स्नायू परत येत नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "प्लास्टर चिरायला किती वेळ लागतो?"

"पाच-दहा मिनिटं."

वकिलांनी डॉक्टरांच्या निष्काळजीपणावरचा सुप्रीम कोर्टाचा २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल काढला. तो फौजदारी प्रकरणातला, पण ते सांगणं माझं काम नव्हे. गुंतागुंत झाली म्हणजे निष्काळजीपणा झाला असं नाही, हे मलाही मान्य. असा दाब कुणाच्याही पेशंटला चढू शकतो. प्रश्न मधल्या तासांचा होता. तक्रारदाराच्या बाजूनं १९६८ चा जोशी-गोडबोले निकाल आला: १९५३ साली पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचं हाड मोडलेला तरुण, पुण्यात पुरेशी भूल न देता हाड ओढलं, दगावला. भरपाई ३००० रुपये.

बाहेर जिन्यात तो डॉक्टर भेटला. "सर, नाडी खरंच लागत होती हो. रात्रपाळीच्या डॉक्टरनं, आरएमओनं, फोनवर सांगितलं ना मला."

"फोनवर?"

"मी घरी होतो."

लेखी कैफियतीत हे कुठेच नव्हतं.