तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच मंडळीत का जाते?

"बाई, एवढी भांडणं होतात तुमच्या चर्चमध्ये, तरी दर रविवारी जाता कशाला?" हे मला शेजारच्या वहिनींनी विचारलंय, जुन्या विद्यार्थ्यांनी विचारलंय, आणि पुण्याला राहणारी माझी सून तर प्रत्येक सुट्टीत विचारते. कापणीच्या सणाच्या लिलावात झालेली बोलाचाली तिने पाहिली आहे. नाताळच्या नाटकात मरीया कोणाच्या मुलीने व्हायचं यावरून दोन घरांचं येणंजाणं थांबलं, तेही तिला ठाऊक आहे. आजवर मी "सवय आहे गं" म्हणून वेळ मारून नेली. ते खरं उत्तर नव्हतं.

माझे सासरे इथे सोलापुरात मिलमध्ये कामाला होते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी मंडळीला छताचा एक पंखा दिला, सासूबाईंच्या स्मरणार्थ. पात्यावर लाल रंगाने त्यांचं नाव लिहून घेतलं होतं. सोलापूरचा मे महिना ज्याने काढलाय त्याला पंख्याचं मोल सांगायला नको. पंखा बंद असला की नाव वाचता यायचं, सुरू झाला की त्याचं तांबडं वर्तुळ व्हायचं. लग्न होऊन आल्यापासून मी त्याच्याच खाली बसत होते.

चार वर्षांपूर्वी वायरिंग नवं केलं, पंखे बदलले. एका रविवारी मान वर केली तर नाव नाही. आमचा पंखा संडे स्कूलच्या खोलीत गेला होता. मला कोणी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं, हे मी आजही म्हणेन.

पण मी काय केलं? महिला मंडळाच्या बैठकीत एक वाक्य बोलले. "वायरिंगला नक्की किती लागले, ते एकदा कोणीतरी बघायला हवं." बस्स, एवढंच. चोरी हा शब्द मी उच्चारला नाही, उच्चारायची गरजच नव्हती. संध्याकाळपर्यंत ते वाक्य मुरारजी पेठेतून सात रस्त्यापर्यंत पोचलं होतं. खजिनदार म्हणजे आमचे अण्णा. उपासना संपली की दुसऱ्या सभासदासोबत बसून दान मोजायचं, रजिस्टरात सही करायची, हे त्यांनी वीस वर्षं केलेलं. त्यानंतर अकरा महिने आमचा एकमेकांना सलाम नव्हता.

मी यावर पुष्कळ विचार केलाय. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बाप्तिस्मा तान्हेपणी द्यायचा की माणूस जाणता झाल्यावर, यावर ज्यांचं पिढ्यान् पिढ्या जमत नव्हतं, त्यांनी दोन्ही रीती मान्य करून एकत्र राहायचं ठरवलं. वाद एवढा मोठा असला की माणसं शास्त्र उघडतात, प्रार्थनेला बसतात. पंख्यासाठी कोणी प्रार्थना मागत नाही. लाज वाटते. म्हणून ते मनातच राहतं आणि सडतं. शिवाय मंडळी ती काय, तीच घरं, तेच व्याहीविहिणी. बाहेर ज्याला आयुष्यभर कोणी विचारलं नाही, त्याला इथे बाक आहे, नाव आहे, कमिटीत एक मत आहे. ते कोणी हलवलं तर त्याला क्षुल्लक वाटत नाही.

त्या वर्षी एका प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे मिळून भाकर घेतात त्या रविवारी, शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. बायबलमधलं मत्तय, पाचवा अध्याय. वेदीजवळ दान घेऊन गेलास आणि आठवलं, की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर. हे वचन मी रविवारच्या शाळेत मुलांकडून पाठ करून घेतलंय. तरी माझ्या डोक्यात ते कायम उलटंच बसलं होतं: माझ्या मनात त्याच्याविरुद्ध असेल तर. तिथे उभी राहून मोठ्याने वाचताना कळलं, येशू माझ्या तक्रारीबद्दल बोलतच नाहीये. वाचन कसंबसं पुरं केलं. त्या दिवशी मी भाकर घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांच्या घरी गेले. रस्ताभर एकच घोकत होते, पंख्याचं नाव काढायचं नाही. नम्रता म्हणजे प्रार्थनेत मान खाली घालणं, असं मी शिकत आणि शिकवत आले होते. त्या दारात मला ती वेगळीच लागली. माझं बरोबर होतं तेवढं गिळायचं आणि चुकलं तेवढंच बोलायचं.

"अण्णा, हिशोबाबद्दल मला काही माहीत नसताना मी बोलले. ते खोटं होतं. मला माफ करा."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाई, तेव्हापासून मी दान मोजायला नातवाला शेजारी बसवतो. साक्षीला."

नातू आठ वर्षांचा. मला रडू आवरेना. काकूंनी चहा दिला. माफ केलं असं अण्णा म्हणाले नाहीत, आणि मीही ते मागत बसले नाही. पुढच्या बैठकीत महिला मंडळापुढे उभी राहून ते वाक्य मागे घेतलं. जिथे टाकलं होतं तिथूनच उचलायला हवं होतं.

तर तुमचं उत्तर हे आहे. रिक्षाने दहा मिनिटांवर दुसरी मंडळी आहे. मी तिकडे गेले असते तर पंख्याचा राग सोबत नेला असता, आणि अण्णांच्या शेजारी तो मुलगा तसाच बसून राहिला असता. ज्याला मी दुखावलं त्याच्यापासून दोन बाकांवर दर आठवड्याला बसायचं आणि एकाच भाकरीतला तुकडा घ्यायचा, हे माझ्याकडून दुसरीकडे कुठे झालं असतं?

सलाम सुरू व्हायला आणखी काही महिने लागले. त्यानंतरच्या पुनरुत्थानदिनी, म्हणजे ईस्टरला, उपासना झाल्यावर पाहिलं, दान मोजायच्या टेबलाशी नातू नव्हता. तो संडे स्कूलच्या खोलीत पोरांमध्ये बसला होता, आणि वर आमचा पंखा फिरत होता.