छताच्या वॉरंटीचं सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत

न्यू जर्सीत छत बदलायचं ठरलं की एस्टिमेट द्यायला येणारा प्रत्येक रूफर बसल्याबसल्या ‘लाइफटाइम वॉरंटी’ म्हणतो. तो खोटं बोलत नाही. पण तो टेबलावर ठेवतो ते चकचकीत ब्रोशर असतं, वॉरंटीचा मजकूर नसतो. मजकूर मागितला तर “कंपनीच्या वेबसाइटवर आहे ना!” म्हणून मोकळा होतो. आमचं जुनं छत उतरवून नवं चढायला फारसा वेळ लागला नाही. वॉरंटीचं सर्टिफिकेट मात्र इतकं रखडलं की तो राग अजून उतरलेला नाही. इथे घर घेतलेल्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा म्हणून लिहितेय.

तुलना करायच्या आधी तीन वॉरंट्या वेगळ्या काढा, कारण रूफर त्या एकाच वाक्यात गुंडाळतो. पहिली शिंगल (छतावर ओळीने खिळवायच्या डांबरी पट्ट्या) बनवणाऱ्या कंपनीची मूळ वॉरंटी. ती प्रत्येक बंडलासोबत फुकट येते. दुसरी त्याच कंपनीची वाढीव ‘सिस्टिम’ वॉरंटी. ती कंपनीने प्रमाणित केलेल्या काँट्रॅक्टरलाच देता येते, आणि त्यासाठी त्याला नोंदणी करून फी भरावी लागते. तिसरी काँट्रॅक्टरची स्वतःच्या कामाची वॉरंटी, दोन, पाच किंवा दहा वर्षांची. ही तिसरी त्याचा धंदा चालू असेपर्यंतच खरी.

हे वेगळं काढायचं कारण असं, की गळती बहुतेक वेळा शिंगलमधल्या दोषामुळे होत नाही. चिमणीभोवतीचं फ्लॅशिंग (सांध्यातून पाणी आत जाऊ न देणारा पत्रा), दोन उतार मिळतात ती व्हॅली, चुकीच्या जागी मारलेले खिळे, पाइपभोवतीचा फाटलेला रबरी बूट ही खरी ठिकाणं. ही बहुतेक कामातली चूक. मूळ वॉरंटी फक्त शिंगल बनवताना राहिलेल्या दोषाची जबाबदारी घेते, त्यामुळे अशा गळतीला ती एक डॉलर देत नाही. छत गळून आतलं ड्रायवॉल खराब झालं तर तेही तिच्यात बसत नाही.

मूळ वॉरंट्यांच्या तुलनेत फार वेळ घालवू नका. आमच्याकडे आलेल्या एस्टिमेटांमध्ये जीएएफची टिंबरलाइन, ओवेन्स कॉर्निंगची ड्युरेशन आणि सर्टनटीडची लँडमार्क ही तीनच नावं फिरून फिरून येत होती, आणि तिघांचा साचा जवळपास एकच. ‘लाइफटाइम’ म्हणजे मूळ मालकाच्या ताब्यात घर असेपर्यंत. पहिली १० वर्षं पूर्ण संरक्षण, बसवायच्या मजुरीसकट. पण जुनं उपसायचा आणि कचरा उचलायचा खर्च साध्या वॉरंटीत सहसा नाही. दहा वर्षांनंतर मजुरी गायब आणि शिंगलच्या किमतीतही दरमहा कपात. सर्टनटीडचं गणित दर महिन्याला १/६०० असं आहे, म्हणजे वर्षाला २ टक्के, आणि ते मोजायचं पहिल्या दिवसापासून. १८ वर्षांनी २१६ महिने झाले, ३६ टक्के गेले, उरले ६४ टक्के. तेही फक्त शिंगलच्या किमतीचे, आणि छताच्या एकूण बिलात शिंगलचा वाटा निम्म्याहून बराच कमी असतो.

वाऱ्याच्या आकड्याला मात्र नीट बघा. ‘ताशी १३० मैल’ हे ब्रोशरवर ठळक असतं. त्याच्या अटी खाली बारीक टायपात. कुठे प्रत्येक शिंगलला चारऐवजी सहा खिळे लागतात, कुठे त्याच कंपनीचं स्टार्टर (छताच्या कडेची पहिली पट्टी) आणि रिज कॅप (माथ्यावर लावायची टोपी). नाहीतर आकडा ११० वर येतो. जीएएफच्या काही शिंगलना वाऱ्याच्या वेगाची कमाल मर्यादाच नाही, पण तिथेही कंपनीची ठरावीक अ‍ॅक्सेसरीज लावायची अट आहे आणि मुदत १५ वर्षं. वाऱ्याचं कलम ‘लाइफटाइम’ नसतं, हे फारसं कोणी सांगत नाही.

आता माझं घोडं जिथे अडलं ते.

आम्ही वाढीव वॉरंटी घेतली, कारण कामातली चूक कंपनीच्या अंगावर जाते ती फक्त तिच्यात. जीएएफची गोल्डन प्लेज किंवा सर्टनटीडची फाइव्ह स्टार या वरच्या पायरीवर कामाच्या चुकीचं संरक्षण २५ वर्षांचं आणि मालाचं पूर्ण संरक्षण ५० वर्षांचं असतं. खालच्या काही पायऱ्यांवर मालाची मुदत वाढते, पण कामाच्या चुकीबद्दल अवाक्षर नसतं. सर्टनटीडची फोर स्टार तशीच. नावं ऐकायला सारखी वाटतात, म्हणून एस्टिमेटवर ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. पायरीचं पूर्ण नाव लिहून घ्या.

ही वॉरंटी आपण नोंदवू शकत नाही. काँट्रॅक्टरच त्याच्या अकाउंटमधून नोंदवतो, छताच्या आकारानुसार फी भरतो, आणि मग कंपनी आपल्या नावाचं, पत्त्याचं, स्क्वेअरच्या संख्येचं सर्टिफिकेट पाठवते. (एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट, साधारण तीन बंडलं.) फी एस्टिमेटमध्ये आपल्याकडून आधीच घेतलेली असते. ती त्याने पुढे भरली की नाही, हे सर्टिफिकेट येईपर्यंत कळायला मार्ग नाही.

आणि इथे मेख आहे. आमच्या वॉरंटीच्या मजकुरात एक ओळ होती: काँट्रॅक्टर आणि माल पुरवणारा, दोघांची सगळी बिलं पूर्ण भरल्याशिवाय ही वॉरंटी लागू होत नाही. काँट्रॅक्टर म्हणतो, शेवटचा चेक द्या, मग नोंदवतो. आपण म्हणतो, नोंदव, मग चेक देतो. कलम त्याच्या बाजूने. चेक दिला की त्याचा फोन उचलला जाणं बंद. ऑफिसात विचारलं की “प्रोसेसमध्ये आहे.” कंपनीला फोन केला की “तुमच्या पत्त्यावर नोंद दिसत नाही, काँट्रॅक्टरशी बोला.” दोघेही अगदी गोड बोलतात, आणि ताकास तूर कोणीच लागू देत नाही.

रखडण्याचं खरं कारण निराळंच निघालं, आणि ते पुष्कळ घरांत असणार. सिस्टिम वॉरंटीत शिंगलबरोबर बाकीचे थरही कंपनीने ठरवून दिलेले लागतात: कडेचं स्टार्टर, माथ्यावरची हिप-रिज कॅप, शिंगलखालचं अंडरलेमेंट, कडेला आणि व्हॅलीत चिकटवायचं आइस अँड वॉटर शील्ड, हवेसाठीचे व्हेंट. किती आणि कोणते, ते पायरीवर अवलंबून. पण कंत्राटात प्रत्येक थरापुढे ‘ऑर इक्विव्हलंट’ असं लिहिलेलं असतं. सप्लाय हाऊसमध्ये स्वस्त पडेल ते येतं. माल उतरवताना ड्राइव्हवेवर जी डिलिव्हरी स्लिप मिळते, तिच्यावर शिंगल एका कंपनीचं, स्टार्टर दुसऱ्याच कंपनीचं. किंवा स्टार्टर आलेलंच नसतं. क्रू साधी थ्री-टॅब शिंगल कापून कडेला आणि माथ्यावर लावतो. छत दिसायला उत्तम दिसतं, पण नोंदणीत ते बसत नाही. मग काँट्रॅक्टर खोटी नोंद करतो, नाहीतर गप्प बसतो.

स्टार्टरवर एवढं अडण्याला कारण आहे. त्याची चिकट पट्टी अगदी छताच्या कडेला येते आणि पहिल्या ओळीच्या शिंगलला खालून धरून ठेवते. कापलेल्या तुकड्याची पट्टी बहुतेकदा वर राहते. कड मोकळी, आणि वादळात पहिली तीच उचलली जाते.

तपासणं सोपं आहे, हिशेबच करायचा. खालच्या कडा आणि तिरक्या कडा यांची एकूण लांबी मोजा. २३० फूट भरली आणि स्टार्टरचा खोका साधारण १२० फुटांचा असेल, तर स्लिपवर निदान दोन खोके हवेत. माथ्याच्या कॅपची बंडलं २० ते २५ फुटांची असतात. ६० फूट माथा असेल तर तीन. स्लिपवर कॅपचं नावच नसेल तर काय होणार ते उघड आहे. हे काम सुरू व्हायच्या आधी, माल ड्राइव्हवेवर असताना बघायचं. वर चढून खिळे मारल्यावर काँट्रॅक्टरशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

कोंडी फोडायचा मार्ग कंत्राटातच. सही करण्याआधी या गोष्टी लिहून घ्या: वॉरंटीच्या पायरीचं पूर्ण नाव, प्रत्येक थराचं कंपनीसकट नाव, ‘ऑर इक्विव्हलंट’ खोडून, नोंदणीची फी कोण भरणार, आणि शेवटचे १० टक्के नोंदणीचा अर्ज आपल्यासमोर ऑनलाइन भरल्यावर, त्याच बैठकीत द्यायचे. चेक हातात, लॅपटॉप टेबलावर. सबमिट केल्यावर येणारा ईमेल आपल्यालाही पाठवायला लावा. त्याच्यासोबत माल पुरवणाऱ्याचं बिल चुकतं झाल्याचा लीन वेव्हर (घरावर बोजा चढवणार नाही असा कागद) मागा. इथे काँट्रॅक्टरने पैसे बुडवले तर पुरवठादार आपल्या घरावर बोजा चढवू शकतो, आणि वॉरंटीच्या त्या कलमातही नेमकं तेच बिल अडकलेलं असतं. चांगला काँट्रॅक्टर या अटी खळखळ न करता मानतो. जो कुरकुरतो, त्याला तिथेच नमस्कार करा.

सही आधीच झाली असेल तर कंपनीच्या वॉरंटी विभागाला लेखी विचारा: या पत्त्यावर, या काँट्रॅक्टरने, या तारखेला काम केलं, नोंदणी झाली का, नसेल तर शेवटची मुदत काय? फोनवर बोलून काही होत नाही. ईमेलला उत्तर येतं, आणि तेच उत्तर काँट्रॅक्टरला पुढे ढकललं की त्याचा आवाज बदलतो. आमचं काम तिथूनच हललं. सर्टिफिकेट आलं तेव्हा आनंद झाला की नुसता थकवा उतरला, सांगता येत नाही.

सर्टिफिकेट आल्यावर पत्ता, स्क्वेअरची संख्या आणि पायरीचं नाव लगेच ताडून बघा. २८ स्क्वेअरच्या छताला २० लिहिलं असेल तर भरपाईही २० चीच मिळायची.

काँट्रॅक्टर निवडतानाचं राहिलंच. शिंगल कंपनीचं प्रमाणपत्र धंद्याच्या नावाला असतं, घरी आलेल्या सेल्समनला नाही. कंपनीच्या साइटवरचं नाव, कंत्राटावरचं नाव आणि न्यू जर्सीच्या होम इम्प्रूव्हमेंट नोंदणीतलं ‘१३व्हीएच’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचं नाव, तिन्ही अक्षरशः एकच हवीत. या राज्यात ५०० डॉलरवरच्या कामाचं कंत्राट लेखीच लागतं, आणि सही केल्यावर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ते रद्द करता येतं. टेक्ससमध्ये रूफरला राज्याचा परवानाच लागत नाही, म्हणून डॅलस-फ्रिस्कोकडच्या मंडळींनी जास्त जपून.

त्यांच्यासाठी आणखी एक: गारपीट या कुठल्याच मूळ वॉरंटीत धरलेली नाही. ‘क्लास ४’ शिंगल घेतलं, म्हणजे २० फुटांवरून सोडलेला दोन इंची पोलादी गोळा सोसणारं, तरीही गारांचं नुकसान विमा कंपनीकडेच मागायचं. क्लास ४ चा फायदा विम्याच्या हप्त्यात मिळू शकतो, वॉरंटीत नाही. आणि “डिडक्टिबल (क्लेममधला आपण भरायचा हिस्सा) आम्ही भरतो” म्हणणारा रूफर टेक्ससमध्ये २०१९ पासून कायदा मोडतोय.

मजकूर आधी मागायला संकोच करू नका. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आणि त्याखालचे नियम यांनुसार १५ डॉलरपेक्षा महाग ग्राहकोपयोगी वस्तूची लेखी वॉरंटी खरेदीच्या आधी बघायला मिळाली पाहिजे. मजकुरात तीन जागा वाचा: काय वगळलंय, हस्तांतर, आणि वाद झाला तर कोर्ट की लवाद.

वगळलेल्या गोष्टींत अ‍ॅटिकमधली (छताखालच्या पोटमाळ्यातली) हवा सगळ्यात जास्त क्लेम खाते. उष्णता कोंडली की शिंगल खालून भाजतं, आणि कंपनी त्याला दोष मानत नाही. हिशेब असा: हवा खालून सॉफिटमधून (छताच्या बाहेर आलेल्या कडेच्या खालच्या बाजूतून) आत आणि माथ्यावरून बाहेर अशी समतोल असेल, तर अ‍ॅटिकच्या क्षेत्रफळाच्या १/३०० मोकळी जागा, नाहीतर १/१५०. १५०० चौरस फुटांच्या अ‍ॅटिकला ५ चौरस फूट, म्हणजे ७२० चौरस इंच. निम्मी खाली, निम्मी वर. रिज व्हेंट फुटाला १८ चौरस इंच देत असेल तर २० फूट पुरे. पण खाली सॉफिटवर इन्सुलेशन पडून भोकं बुजली असतील तर वरचा व्हेंट नुसता शोभेचा. कामाच्या आधी अ‍ॅटिकमध्ये टॉर्च घेऊन चढा. दिवसा सॉफिटच्या फटीतून उजेड दिसला पाहिजे. बाथरूमचा एक्झॉस्ट अ‍ॅटिकमध्येच सोडलेला असेल तर तोही बाहेर काढून घ्या.

सोलर लावायचा विचार असेल तर पॅनलच्या पायांसाठी पाडलेल्या भोकांची गळती शिंगल कंपनी घेत नाही; ती सोलरवाल्याच्या कंत्राटात लिहून घ्या. प्रेशर वॉशरने छत धुऊ नका, शिंगलवरचे दाणे उडतात. काळे पट्टे दिसले तर ते शेवाळ, त्याचं वेगळं कलम असतं. जीएएफच्या स्टेनगार्ड प्लसचं २५ वर्षांचं आहे.

एका बंडलाचं वेष्टन कचऱ्यात जाऊ देऊ नका, त्यावर लॉटचा कोड असतो. शक्य असेल तर एक अख्खं बंडल गॅरेजमध्ये ठेवा. दोष दिसला की बहुतेक कंपन्यांची अट ३० दिवसांत कळवण्याची आहे, आणि त्या फोटो, बिल, कधी शिंगलचे नमुनेही मागतात. गळत असेल तर तात्पुरती ताडपत्री टाका, पण कंपनीने बघायच्या आधी पक्की दुरुस्ती करू नका, पुरावाच जातो.

घर विकताना हस्तांतर एकदाच होतं. जीएएफमध्ये ते पहिल्या २० वर्षांत, आणि विक्रीनंतर वर्षाच्या आत कळवावं लागतं. इतरांच्या मुदती वेगळ्या, काहींची फी असते. उशीर झाला तर नव्या मालकाला फार थोडं उरतं. म्हणून क्लोजिंगच्या कागदांतच सर्टिफिकेट, डिलिव्हरी स्लिप आणि कोरा हस्तांतर फॉर्म घालून द्या, आणि फॉर्म कधीपर्यंत पाठवायचा ती तारीख वर पेनने लिहा.