मोटाउनच्या आधीची तबकडी

जॅक्सन फाइव्ह या पाच भावांच्या गटाची हकीकत बहुतेक जण १९६९ पासून सांगतात. त्या वर्षी ऑक्टोबरात मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रिका कंपनीने त्यांचे ‘आय वॉन्ट यू बॅक’ बाजारात आणले आणि डिसेंबरातल्या अल्बमच्या नावातच गायिका डायना रॉस यांचे नाव घालून, ही मुले जणू त्यांनीच शोधून काढली, असा समज रूढ केला. तो मला मुळीच मान्य नाही, कारण याच भावांची ‘बिग बॉय’ ही तबकडी जानेवारी १९६८ मध्येच निघाली होती.

ती काढली इंडियाना राज्यातल्या गॅरी गावच्या स्टीलटाउन या लहानशा कंपनीने. गॅरी हे पोलाद कारखान्यांचे गाव. भावांचे वडील जोसेफ कारखान्यात क्रेन चालवत. माझे वडीलही कळव्याच्या पोलाद कारखान्यात क्रेनवरच होते. रात्रपाळी करून ठाण्याच्या घरी परतलेल्या माणसाच्या अंगात किती त्राण उरते, हे मी पाहिलेले आहे. म्हणूनच पाळी संपवून मुलांची तालीम घेणाऱ्या जोसेफ यांच्या जिद्दीचे मोल मला अधिक वाटते, जरी त्यांच्या मारकुटेपणाचे समर्थन मी कधीच करणार नाही.

गाणे संथ लयीचे आहे. आता आपल्याला परीकथा रुचत नाहीत, आपण मोठे झालो आहोत, असे त्यात नऊ वर्षांचा मायकल जॅक्सन सांगतो. आवाज कोवळा आहे, पण ओळ कुठे ओढायची आणि कुठे सोडून द्यायची याची जाण पक्की आहे, आणि मागून भावांचे सूर त्याला असे धरून ठेवतात की तो एकटा पडत नाही. मोटाउनच्या ध्वनिमुद्रणातली सफाई इथे नाही, तरी गाण्याची समज आधीच पुरती आलेली आहे.

जुलै १९६८ मध्ये मोटाउनने त्यांची चाचणी घेतली, तीही गायक बॉबी टेलर यांच्या खटपटीमुळे. पुढे कंपनीने अकरा वर्षांच्या मायकलचे वय आठ म्हणून जाहीर केले. नौपाड्यात आम्ही काही मंडळी जुनी गाणी ऐकायला जमतो. पुढच्या बैठकीत मी आधी ‘बिग बॉय’ लावणार आहे, मोटाउनचे गाणे त्यानंतर.