‘ब्लूटूथ आहे ना, मग लागेल’: बाबांच्या कानाचं मशीन आणि गाण्याचा प्लेअर

बाबा पुन्हा गाणी ऐकायला लागले त्याला तीन आठवडे झाले, तरी कानाचं मशीन घेतलं त्या काउंटरवरचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून सगळं लिहून काढते आहे. कुणाच्या तरी आईवडिलांचे तेवढेच दिवस वाचतील.

बाबा ७८ वर्षांचे. नोकरीची सगळी वर्षं ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये प्रेस शॉपच्या, म्हणजे धातूचे पत्रे दाबणाऱ्या यंत्रांच्या, आवाजात काढली, कान तिथेच गेले. दोन्ही कानांना मशीन आहे. गाण्याचं वेड मात्र तसंच आहे. मोबाइलवर ऐकणं त्यांना जमत नाही. मध्येच फोन येतो, बँकेचे मेसेज वाजतात, बोट भलतीकडे लागलं की गाणं गायब. म्हणून बटणांचा साधा प्लेअर होता, वायरच्या हेडफोनचा. पण मशीनवरून हेडफोन घातला की मशीन शिट्टी मारायचं, त्यामुळे मशीन काढून ठेवायचं आणि मग गाणी ऐकायची. म्हणजे तेवढा वेळ दारावरची बेलही नाही आणि आईची हाकही नाही. एकदा आई न्हाणीघरात घसरून पडली, हाका मारत राहिली, आणि बाबा हॉलमध्ये डोळे मिटून नाट्यगीत ऐकत बसले होते. नशिबानं मुका मारच होता. पण बाबांनी त्या दिवशी प्लेअर कपाटात टाकला तो टाकलाच. चार महिने घरात गाणं नव्हतं.

ते मला बघवेना. त्यांच्या नव्या मशीनमध्ये ब्लूटूथ आहे हे माहीत होतं. ब्लूटूथवाला प्लेअर आणला की गाणं थेट मशीनमध्ये जाईल आणि बाहेरचे आवाजही कानावर येत राहतील, असा माझा सरळ हिशोब होता. मशीन दिलेल्या काउंटरवर फोन करून विचारलं. उत्तर आलं, ‘ब्लूटूथ आहे ना मॅडम, मग लागेल.’ या एका वाक्यावर मी प्लेअर घेतला. दुकानदारानं एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त चांगला आवाज पाठवायची पद्धत) आहे, ९९० केबीपीएसपर्यंत आवाज जातो, वगैरे सांगितलं. तेही मला पटलं, आणि त्याचेही पैसे भरले.

नौपाड्यातल्या घरी येऊन बाबांच्या शेजारी बसले. प्लेअरवर शोध सुरू केला. यादीत काय काय आलं! वरच्या मजल्यावरचा टीव्ही, शेजारच्यांचा स्पीकर, खाली उभ्या असलेल्या कुणाच्या तरी गाडीचं नाव. बाबांचं मशीन कानात, प्लेअरपासून हातभर अंतरावर, आणि यादीत त्याचं नाव नाही. मशीन बंद करून चालू केलं, नव्या बॅटऱ्या घातल्या, प्लेअर पुन्हा सुरू केला. बाबा म्हणाले, ‘अगं, राहू दे. नसेल होत.’ त्यांचं ते ‘राहू दे’ मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मानपाड्याहून हाफ डे टाकून निघाले, घोडबंदर रोडचा ट्रॅफिक पार करून बाबांना घेतलं आणि मशीनच्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलानं स्वतःचा आयफोन काढला, अर्ध्या मिनिटात मशीन जोडलं, बाबांच्या कानात काहीतरी वाजवलं. ‘बघा, मशीन ओके आहे. तुमचा प्लेअर गंडलाय.’

तिथून गोखले रोडला प्लेअरच्या दुकानात. त्यानं स्वतःचे इअरबड्स काढले, प्लेअरला जोडले, माझ्या कानात घातले. आवाज स्वच्छ. ‘प्लेअर ओके आहे मॅडम. मशीन दाखवून घ्या.’

पुन्हा मशीनचा काउंटर. आता दुसरा माणूस. त्यानं पहिल्यापासून सगळं विचारलं आणि फॉर्म पुढे सरकवला: डावं मशीन कंपनीत तपासायला पाठवावं लागेल, चार दिवस. मी म्हटलं, ‘अहो, तुमच्याच फोनला मघाशी लागलं होतं ना?’ तो म्हणाला, ‘हो, पण प्लेअरला लागत नाही म्हणजे चेक करावंच लागेल.’ बदली मशीन मिळत नाही. बाबांनी स्वतः डाव्या कानातलं काढून त्याच्या हातावर ठेवलं.

चार दिवसांचे १२ झाले. रोज फोन केला की ‘उद्या कन्फर्म सांगतो’. एका कानावर राहणं म्हणजे काय ते मी या १२ दिवसांत पाहिलं. आवाज कुठल्या बाजूनं येतोय हे कळायला दोन्ही कान लागतात. बाबांचं संध्याकाळचं तलावपाळीला जाणं बंद झालं, कारण रिक्षा मागून येते की बाजूनं हे त्यांना कळेना. जेवताना ते उजवा कान आईकडे करून बसायचे. तेराव्या दिवशी मशीन परत आलं, सोबत चिठ्ठी: ‘दोष आढळला नाही.’ तपासणीचे पैसे वर.

शेवटी आईच्या भजनी मंडळातल्या एका काकूंच्या भाचीला फोन लावला. ती ऑडिओलॉजिस्ट आहे. तिनं मला दोनच प्रश्न विचारले. मशीनच्या पुस्तिकेत कुठल्या उपकरणांशी जोडता येतं ते काय लिहिलंय? आणि प्लेअर कुठल्या सिस्टीमवर चालतो? पाच मिनिटांत तिनं उलगडा केला, आणि तो त्या काउंटरवर कुणालाही करता आला असता.

ब्लूटूथ म्हणजे एकच भाषा नाही. प्लेअर, इअरबड्स, स्पीकर गाण्यासाठी ए२डीपी नावाची पद्धत वापरतात. पुष्कळशा श्रवणयंत्रांमध्ये बॅटरी वाचावी म्हणून ती नसतेच. ती कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर चालतात, आणि त्यावरून गाणं पाठवण्याची ॲपलची पद्धत वेगळी, गुगलची वेगळी. गुगलची आशा नावाची पद्धत २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आली, तीही सगळ्या फोनमध्ये नाही. बाबांचं मशीन या दोनच पद्धती बोलतं. आमचा प्लेअर कंपनीच्या स्वतःच्या छोट्या सिस्टीमवर चालतो, त्याला यातली एकही येत नाही. म्हणून नाव यादीत दिसत नव्हतं. दोन्ही वस्तू धडधाकट होत्या. २०२२ मध्ये एलई ऑडिओ हे सगळ्यांसाठी एकच नवं मानक पूर्ण झालं आहे, पण ते दोन्हीकडे असेल तरच उपयोग.

उपाय होता स्ट्रीमर. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, गळ्यात अडकवायची. प्लेअर साध्या ब्लूटूथनं डबीशी बोलतो, डबी मशीनशी. मशीनच्याच कंपनीची घ्यावी लागते, दुसरी चालत नाही. ही वस्तू त्या काउंटरच्या मागच्या काचेच्या कपाटात ठेवलेली होती! मी तीन वेळा तिच्यासमोर उभी राहून आले.

यावेळी पैसे देण्याआधी तिथेच बाबांच्या कानात गाणं वाजवून घेतलं. तुम्हीही तेच करा. माणूस, मशीन आणि प्लेअर तिन्ही दुकानात घेऊन जा.

ज्यांच्या मशीनमध्ये टेलिकॉइल (चुंबकीय लहरींतून आवाज पकडणारी छोटी तारेची गुंडाळी) आहे त्यांना आणखी एक रस्ता आहे, भाचीनंच सांगितला. गळ्यात घालायची लूप मिळते, ती प्लेअरच्या ३.५ मिलिमीटरच्या भोकात लावायची. त्यात ब्लूटूथचा संबंधच नाही. फक्त टेलिकॉइलचा प्रोग्रॅम ऑडिओलॉजिस्टकडून चालू करून घ्यावा लागतो.

एलडॅकचा आम्हाला काही उपयोग झाला नाही. पाठवणारा आणि घेणारा दोघांकडे असेल तरच ते चालतं, नाहीतर एसबीसी या ब्लूटूथच्या साध्या, नेहमीच्या पद्धतीवर गाडी येते. ते पैसे स्ट्रीमरला कामी आले असते.

वायफायचं मात्र मी मनापासून सांगेन, प्लेअरमध्ये असेल तर घ्याच. पूर्वी मेमरी कार्ड काढून मी गाणी भरून द्यायचे. नखाएवढं कार्ड, बाबांची जाड बोटं, एकदा ते दिवाणाच्या फटीत गेलं ते मिळालंच नाही. आता रविवारी गेले की प्लेअर वायफायवर घेते, स्क्रीनवर एक पत्ता दिसतो, तो लॅपटॉपवर उघडून गाणी सरकवते. कार्डाला हात लावावा लागत नाही. प्लेअरला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतं, ५ चं दिसत नाही, त्यामुळे राउटरवर दोन्हींना वेगळी नावं देऊन ठेवली.

पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, ‘तानपुरा थरथरतोय.’ मला वाटलं पुन्हा सुरू झालं. पण तो मशीनचा गुण. मशीन माणसांचं बोलणं ऐकण्यासाठी बसवलेलं असतं, लांबलेला एकसारखा सूर ते शिट्टी समजून दाबायला बघतं. गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून घेतला, आता तानपुरा सरळ लागतो. हे आधीच मागून घ्या.

आणि हो, प्लेअरच्या यादीतून इतर हेडफोन काढून टाका. माझ्या मुलानं एकदा त्याचे जोडले, तर दुसऱ्या दिवशी प्लेअर त्याच्याच हेडफोनला जाऊन लागला आणि बाबांना वाटलं सगळं बिघडलं.

परवा मी गेले तेव्हा बाबा बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होते, गळ्यात डबी, खिशात प्लेअर. आईनं आतून ‘अहो, चहा’ म्हटलं. ते वळले आणि ‘आलो’ म्हणाले. गाणं चालूच होतं.

बॅटरी मात्र लवकर संपते. आठवडाभर जाणारी ३१२ नंबरची जोडी आता पाच दिवसांत बदलावी लागते. तपकिरी स्टिकरची दोन पाकिटं मी जास्तीची आणून फ्रिजवरच्या डब्यात ठेवली आहेत. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची आणि मगच मशीनमध्ये घालायची, हे आईलाही दाखवून ठेवलं आहे.