डोंगल कुणाच्या खिशात

पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला आलेला पैसा काढायचा तर दोन डिजिटल सह्या लागत. आधी ग्रामसेवकाची, मग सरपंचाची. ग्रामसेवक मी. सरपंचबाईंच्या सहीचं डोंगल, म्हणजे ही सही साठवलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा, मात्र त्यांच्या मिस्टरांच्या खिशात, गाडीच्या किल्लीला अडकवलेलं. गावही त्यांनाच 'सरपंच' म्हणे. २०११ पासून राज्यातल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. डोंगल राखून ठेवायचं कलम मात्र मला अजून कुठे सापडलेलं नाही.

त्या दिवशी गटाराचं बिल काढायचं होतं. ठेकेदार येऊन बसलेला, चहा झालेला. मिस्टरांनी डोंगल टेबलावर ठेवलं. "उरका, भाऊसाहेब."

तेवढ्यात बाई आल्या. एरवी त्या झेंडावंदनाला आणि मी रजिस्टर घरी पाठवलं की सहीपुरत्या. म्हणाल्या, "मोजमाप पुस्तक काढा." मी वाचून दाखवलं, लांबी शंभर मीटर.

"चला, मोजू."

मिस्टर हसले. "तुला काय कळतंय त्यातलं?"

बाईंनी कैक उन्हाळे रोजगार हमीवर माती उपसलेली. तिथं मजुरी मापावर मिळते. मुकादमानं खड्डा वीतभर कमी धरला की घरातली ज्वारी कमी. असं माणूस टेप ढिला धरत नाही.

गल्लीत एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला शिपाई. ८२ मीटर. ठेकेदार म्हणाला, वळण सुटलं. बाईंनी वळणाला टेप चिकटवून परत मोजलं. ८४. दारात उभ्या बायकांतली एक म्हातारी ओरडली, "खोली बी बघ गं!" मग खोलीही बघितली. तीही कमीच.

बिल थांबलं, फेरमोजणीचं पत्र उपअभियंत्यांकडे गेलं. डोंगल बाईंनी उचलून पिशवीत टाकलं आणि मला म्हणाल्या, "त्याचा पासवर्ड बदलून द्या. ह्यांना पाठ आहे." मिस्टर बाहेर गाडीला किक मारत होते.

पुढं बाईंवर अविश्वास ठरावाची जुळवाजुळव सुरू झाली. त्याला तीन चतुर्थांश सदस्य लागणार होते, म्हणजे आमच्या नवांत सात. सहा सह्या झाल्या. सातव्या सदस्यबाईंनी कागद हातात धरून विचारलं, "मोजणीत किती भरलं?"

८४ च भरलं होतं. बिल तेवढ्याचंच निघालं.