गावच्या घराचं छप्पर आणि भाऊबंदांच्या सह्या – माझा अनुभव

कोकणात घराचं काम काढायचं तर दिवाळीनंतर हात घालायचा आणि मिरगाच्या आत कौलं चढवायची, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण कागदपत्रं त्याच्याही आधी, गणपतीतच सुरू करा. का ते सांगतो, अजून आठवलं की डोकं तापतं.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. वासे-रिपा वाळवीने पोखरलेल्या, म्हणून सगळं लाकूड उतरवून लोखंडी ट्रस (छपराचा सांगाडा) टाकायचा आणि मागची पडवी भिंती घालून घरात घ्यायची असं ठरलं. गवंडी, फॅब्रिकेटर, चिरे सगळं बोलून झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. चिरे मात्र पावसाआधीच आणून टाका, खाणीत पाणी भरलं की काम बंद पडतं.

अडकलो ग्रामपंचायतीत. असेसमेंटचा उतारा, म्हणजे पंचायतीच्या दप्तरातली घरपट्टीची नोंद, आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन जमाना झाला, घरपट्टी आम्हीच भरतोय. तर म्हणे दुरुस्तीच्या परवानगीला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती आणा. ठीक आहे, त्यात चूक काही नाही. विरार-डोंबिवलीला जाऊन काका आणि चुलतभावांच्या सह्या आणल्या. मग म्हणे आत्यांच्या कुठायत, मुलींचाही हिस्सा असतो. धाकट्या आत्याने लगेच केली, थोरली वारलेली, म्हणजे तिच्या मुलांच्या सह्या आणि तिच्या मृत्यूचा दाखला, तो तिच्या सासरच्या पंचायतीतून. तो आणला तर आजोबांचा दाखला कुठाय? तोही आणला तर म्हणे साध्या कागदावर चालत नाही, स्टँपवर करून नोटरी करा, म्हणजे परत पहिल्यापासून सगळ्यांच्या सह्या! अरे पहिल्याच दिवशी एका कागदावर सगळं लिहून दिलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यात ग्रामसेवकांकडे दोन गावांचा चार्ज, आमच्या गावाचा वार ठरलेला आणि नेमकी त्याच वारी तालुक्याला मीटिंग. इकडे गवंड्याचा फोन, दादा सुरू करू का दुसरीकडे जाऊ. शिमगा तोंडावर आलेला, आणि शिमग्यात कोकणात गवंडी, सुतार कोणी म्हणजे कोणी हाताला लागत नाही.

शेवटी मी तोंडी बोलणंच बंद केलं. लेखी अर्ज दिला, अजून कुठली कागदपत्रं लागतात ते लेखी कळवावं म्हणून, आणि झेरॉक्सवर आवक नंबर, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठलो नाही. त्याच दिवशी क्लार्कने मागच्या बाजूला यादी लिहून दिली, आणि त्या यादीबाहेरचं परत काही मागितलं नाही. तो कागद मी लॅमिनेट करायचा तेवढा बाकी ठेवलाय.

संमतीपत्राचं एक राहिलं. थोरल्या आत्याचा मुलगा सही करायला का कू करत होता, त्याला वाटलं हे हक्कसोडपत्र आहे. मग नव्या मजकुरात एक ओळ घातली, 'ही संमती फक्त घरदुरुस्तीपुरती आहे, माझा हिस्सा व हक्क कायम आहे', ती त्याने दोनदा वाचली आणि मुकाट सही केली. तुम्ही ही ओळ पहिल्यापासूनच घाला. स्टँप पूर्वी 100 चा चालायचा, ऑक्टोबर 2024 पासून 500 चा लागतो, त्यामुळे प्रत्येकाचा वेगळा करत बसू नका, एकाच कागदावर सगळे घ्या. आणि गणपतीत म्हणतो ते यासाठीच, पाचव्या दिवसापर्यंत अख्खं खानदान एका छपराखाली असतं, आरती झाली की लगेच कागद पुढे करायचा. कागदांत सातबारा लागलाच तर त्याला कुठे जायची गरज नाही, डिजिटल सहीचा 15 रुपयात ऑनलाइन निघतो.

परवानगी हातात पडली आणि काम धडाक्यात झालं. मे महिन्यात अवकाळीने एक रात्र झोपवलं नाही, निम्मं घर उघडं होतं, ताडपत्री आधीच आणून ठेवलेली म्हणून निभावलं.

जुनी कौलं उतरवताना पाठीवरचा कारखान्याचा छाप बघून वेगवेगळी लावून ठेवा. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही आणि नेमकं तिथेच गळतं. फुटकी सोडून उरतील ती सगळी ठेवा, विकू नका, वानरं वर्षाला पाच-पन्नास फोडतातच.