फादरला सांगितलं की झालं?

ऑफिसात डबा खाताना, विरार लोकलच्या चौथ्या सीटवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे आ वासून बसलो असताना मला हे ऐकावं लागलंय: "तुमचं बरं असतं हो. काहीही करा, फादरला सांगा, पाटी कोरी." विचारणारा हसत असतो, त्याच्या मनात वाईट नसतं. तुम्हीही परवा हसतच विचारलंत. या वेळी मी हसलो नाही, म्हणून हे लिहितोय.

तरुणपणी मी उलट विचारायचो, "आणि तुमची गंगा?" समोरचा गप्प व्हायचा, मला जिंकल्यासारखं वाटायचं. आता त्याची लाज वाटते. गंगेत बुडी मारणाऱ्याच्या मनात काय चाललेलं असतं ते मला काय ठाऊक! शिवाय त्यात माझं उत्तर कुठेच नव्हतं.

पुढे थोडं वाचन झालं आणि मी प्रवचन झोडायला लागलो. कन्फेशन म्हणजे फादरला आपली पापं नुसती सांगणं नव्हे, आधी मनापासून पश्चात्ताप हवा. पुन्हा करणार नाही हा निश्चय हवा. क्षमा फादर करत नाहीत, देव करतो. फादर त्याच्या नावाने ती देतात. आणि क्षमा मिळाली तरी नुकसान भरून द्यावं लागतं; चोरलेला पैसा चोरलेलाच राहतो. इथे मी बायबलमधल्या जक्कयला हमखास उभा करायचो. यरीहोचा तो जकातदार, येशू घरी आल्यावर म्हणतो, कोणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. चौपट! हा शब्द मी फार जोरात उच्चारायचो.

उत्तर बरोबर होतं, आजही आहे. देणारा माणूस मात्र तेव्हा स्वतः चौपटीच्या खात्यात बसलेला होता.

आमची वसईला वाडी होती. केळी, नारळ, थोडी पानवेल आणि एक विहीर. वडील गेल्यावर २००८ साली मी ताईकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच. हे मला माहीत होतं, तिलाही. मी म्हणालो, "ताई, कागदापुरतं आहे गं. सातबारा एका नावावर असला की कामं सोपी होतात. विहीर आणि तिच्या बाजूचे नारळ तुझेच." तिने निबंधकाच्या कचेरीत चष्मा पुसला आणि सही केली. २०१३ साली मी वाडी विकली. विहीर बुजवली हे तिला मासळीवालीकडून कळलं.

मला कारणं होती. मुलाचं शिक्षण होतं, घराचं कर्ज होतं. कारणं सगळ्यांनाच असतात.

पुढच्या वर्षी उपवासकाळात कन्फेशनला गेलो. ईस्टरच्या आधी बाहेरचे फादर येतात, रांगा लागतात. मी मुद्दाम पाहुण्या फादरांची रांग धरली, आवाज ओळखू येऊ नये म्हणून. (गुपित पाळायचं बंधन फादरांवर असतं, माझ्यावर नाही, म्हणून सांगू शकतो.) आधी बारीकसारीक सांगितलं, राग, खोटं बोलणं. मग वाडीचं. जाळीपलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही.

"बहीण कुठे राहते?"

"इथेच, चर्चच्या मागे."

"मग तिच्या दारावरून पुढे इकडे आलास?"

मी काही बोललो नाही. त्यांनी पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला सांगितली, क्षमा दिली आणि प्रायश्चित्त म्हणून सांगितलं की ईस्टरच्या आत तिच्याकडे जा, तिचं तिला दे. मला वाटलं होतं, एक रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला लावतील.

बाहेर आलो तेव्हा खरंच हलकं वाटलं. ते खोटं नव्हतं, हे तुम्हाला पटलं नाही तरी चालेल. येशूने सांगितलेल्या, वाटणी उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत बाप मुलगा दूर असतानाच धावत सुटतो, पाठ करून आणलेलं वाक्यही त्याला पुरं करू देत नाही. तसं काहीतरी. आमचा देव हिशेब बघून गळ्यात पडत नाही, एवढं मी अजूनही मानतो. पण त्या गोष्टीत बाप आहे, दोन भाऊ आहेत, वाटणीसुद्धा आहे. बहीण नाही.

घरी चेक लिहायला बसलो. आकडा कुठला लिहायचा? सही घेतली त्या वर्षीच्या भावाने, की विकली त्या वर्षीच्या? दोन भावांत केवढी तफावत होती ते वसईतल्या माणसाला सांगायला नको. दोन दिवस पेन फिरवून मी २००८चा भाव धरला. चौपट सोडाच.

पवित्र सप्ताहातल्या सोमवारी तिच्याकडे गेलो. तिने चहा दिला. मी चेक पुढे केला, म्हणालो, कन्फेशन केलं, माझं चुकलं. तिने चष्मा लावून आकडा वाचला. ती पतपेढीत कारकून होती, तिला गणित शिकवायला नको. चेकची घडी घालून तिने तो प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला.

"देवाने केलं ना माफ?" ती म्हणाली. "मग मला कशाला विचारतोस?"

तुमचाच प्रश्न. फरक एवढाच की ती हसत नव्हती, आणि ती रोज मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाते.

बायबलमधल्या दावीद राजाने आपल्याच सैनिकाची, उरीयाची बायको घेतली, त्याला लढाईत मारवलं आणि मग देवाला म्हणाला, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे. ५१वं स्तोत्र. लहानपणी पाठ केलं होतं, तेव्हा खटकलं नाही. आता विचारावंसं वाटतं, आणि उरीया? एका फादरांनी समजावलं की माणसावरचा अन्याय आधी देवालाच लागतो, म्हणून तसं म्हटलंय. समजलं. पण या वाक्याआड मला लपता येतं, हेही समजलं. उलट मत्तयच्या शुभवर्तमानात येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, जुन्या मराठी भाषांतरात, 'पापे' नाहीत, 'ऋणे' आहेत. आमची ऋणे आम्हांस सोड. ऋण म्हटलं की समोर सावकार उभा राहतो, त्याला तोंड असतं, आणि माझ्या बाबतीत चष्माही.

तर देवाने मला माफ केलं का? केलं असं मी मानतो. माझं प्रायश्चित्त पुरं झालं का? आकड्याची गोष्ट मी त्यानंतर कुठल्याच कन्फेशनमध्ये सांगितलेली नाही, यावरून काय ते समजा. बायको म्हणते, आता उरलेले पैसे दे आणि मोकळा हो. देईन म्हणतो. ताई घेणार नाही, अशी भीती वाटते. कधी कधी घेईल, अशीही.

चेक तिने वटवला नाही. तीन महिन्यांनी तो बाद झाला. रविवारी आम्ही एकाच मिस्साला असतो, ती डाव्या बाजूला, तिसऱ्या बाकावर. ती 'ऋणे सोड'वाली प्रार्थना म्हणून झाली की थोड्या वेळाने फादर एकमेकांना शांती द्यायला सांगतात. मी मान वळवतो. तीही वळते आणि हात जोडते. शेजारच्या बाईला जोडते, तसेच.